अशोकाची साल आणि राणीची बाग

चिकित्सेचे चार पाद चरकाचार्यांनी सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. यांपैकी पहिल्या पादाविषयी आपण वैद्यमंडळी सभासंमेलनांतून पुष्कळ बोलतो. दुसऱ्या पादाविषयी मात्र आपण एक सोयीची वाटणी करून ठेवली आहे. औषधाने गुण आला तर श्रेय आपल्या निदानाचे. न आला तर दोष रोग्याच्या अपथ्याचा. द्रव्याचे जे चार गुण आचार्यांनी सांगितले, त्यांत मुबलकता, व्याधीला योग्य असणे आणि अनेक कल्पना करता येणे यांच्या बरोबरीने 'संपत्' हाही एक गुण आहे. द्रव्य आपल्या रस-वीर्यादी गुणांनी संपन्न असले पाहिजे, हा त्याचा अर्थ. ते तसे आहे किंवा नाही, हे आपल्यापैकी कितीजण पाहतात, हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःलाच विचारू इच्छितो. कारण या लेखाचा आरंभ आमच्याच एका चुकीपासून झाला आहे.

नंदाखाल येथील आमच्या दवाखान्यात काही वर्षांपूर्वी रक्तप्रदराची एक रुग्णा चिकित्सेसाठी येत होती. वय चाळिशीच्या आसपास, अंगमेहनतीची सवय, पथ्य सांगावे तसे पाळणारी. तिला आम्ही अशोकाच्या सालीचा क्षीरपाक सुरू केला. एक पाळी गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. स्राव कमी झाला नाही. प्रत्येक वेळी आम्ही मात्रेत थोडा फेरफार करीत राहिलो, अनुपान बदलले, आहाराची पुन्हा चौकशी केली. अखेर चक्कर येऊन ती पडली, तेव्हा घरच्यांनी तिला रुग्णालयात नेले आणि तेथे तिला रक्त द्यावे लागले. ती पुढे बरी झाली, हे आमचे भाग्य. परंतु आमच्या मनातून तो प्रसंग गेला नाही.

त्यानंतर एका संध्याकाळी आम्ही ती भरड बाजूला ठेवून, ज्या पोत्यातून ती कुटली होती त्या पोत्यातील अखंड तुकडे काढून पाहिले. भेषजसंहितेत अशोकाच्या सालीचे वर्णन स्पष्ट आहे. बाहेरून हिरवट करडी, तिच्यावर वाटोळ्या पुटकुळ्या. आतून तांबूस तपकिरी. मोडली असता फुसके निघणारी. वरच्या बुचासारख्या थराखाली पांढुरकी अखंड रेघ. आणि रस तुरट. आमच्या हातातील तुकड्यांना आत तांबूसपणा नव्हता, ती रेघ नव्हती आणि तुरटपणा नाममात्र होता. ती साल आसूपालवाची असावी, असे आमचे मत झाले. ज्या व्यापाऱ्याकडून माल आला होता त्याला आम्ही विचारले. त्याने शांतपणे सांगितले की, मागणी 'अशोकाची' होती आणि त्याने 'अशोक' दिला. इमारतींच्या फाटकापाशी शिपायासारखे उभे केलेले जे उंच झाड सगळेजण अशोक म्हणूनच ओळखतात, त्याचीच ती साल होती. त्याचे म्हणणे ऐकून आम्हाला राग आला. परंतु परतताना असे वाटले की, पोते उतरवून घेताना आम्ही तरी ते तुकडे मोडून पाहिले होते काय? आमच्यापैकी दोघांनी तर सीतेचा अशोक फुललेला प्रत्यक्ष कधी पाहिलाच नव्हता. द्रव्यगुणाच्या परीक्षेत त्याचे पर्यायनाम लिहून गुण मिळविले होते, एवढेच.

हा अनुभव एकट्या आमचा नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, बाजारात अशोक म्हणून विकल्या जाणाऱ्या सालीच्या पंचवीस नमुन्यांची जनुकीय आणि रासायनिक तपासणी करण्यात आली. त्यांतील ऐंशी टक्क्यांहून अधिक नमुने अशोकाचे नव्हते. खरा अशोक, म्हणजे वनस्पतिशास्त्रातील सराका असोका, हा निसर्गरक्षणाच्या जागतिक सूचीत संकटप्रवण वृक्ष म्हणून १९९८ सालापासून नोंदलेला आहे. एका बाजूला झाड विरळ होत आहे आणि दुसऱ्या बाजूला अशोकारिष्टाच्या बाटल्या कोठेही कमी पडत नाहीत. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात, याचे उत्तर औषधनिर्मात्या बंधूंनी आणि आपण सर्वांनी मिळून शोधावयास हवे.

त्या संध्याकाळनंतर आम्ही ठरविले की, निदान अशोकाची गाठ घ्यायचीच. वसंतात, फाल्गुनाच्या आरंभी, विरारहून गाडीने दादर आणि तेथे गाडी बदलून भायखळा, असे आम्ही चौघे राणीच्या बागेत गेलो. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे तिचे आजचे नाव. आपल्यापैकी बहुतेकांनी ती बाग बालपणी हत्ती आणि माकडे पाहण्यासाठी पाहिलेली असते. अलीकडे, २०१७ सालापासून, तेथे पेंग्विन पाहायला मिळतात आणि सुटीच्या दिवशी त्यांच्यासाठी भली मोठी रांग लागते. त्या रांगेत उभे असणाऱ्यांच्या डोक्यावर जे वृक्ष सावली धरून असतात, त्यांच्याकडे मान वर करून पाहणारा मनुष्य आम्हाला क्वचितच दिसला. वस्तुतः ही बाग आधी वनस्पतींची आणि नंतर प्राण्यांची. पश्चिम भारतातील कृषी आणि उद्यानविद्येच्या संस्थेची बाग पूर्वी शिवडीला होती; ती तेथून हलवून भायखळ्याला नवी मांडण्यात आली आणि १८६२ च्या नोव्हेंबर महिन्यात लेडी फ्रियर यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. १८७३ साली ती नगरपालिकेकडे आली. प्राण्यांचे पिंजरे त्यानंतरचे.

आणि येथे वैद्यांना विशेष जवळची वाटावी अशी एक गोष्ट आहे. बागेच्या आवारालगतच्या वस्तुसंग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. त्या संग्रहालयाच्या उभारणीत ज्यांनी पुढाकार घेतला त्यांतील ते एक होते. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाचे हे आरंभीचे पदवीधर पाश्चात्त्य वैद्यक शिकले; परंतु कुष्ठावर औषध शोधू लागले तेव्हा कडू कवठीच्या बियांकडे वळले. सुश्रुताचार्यांनी कुष्ठचिकित्सेत सांगितलेला तुवरक तो हाच, असे पुष्कळ विद्वानांचे मत आहे. त्या तुवरकाचे वर्णन करताना सुश्रुताचार्य दोन गोष्टी सांगतात, त्या आम्हाला पुनःपुन्हा आठवतात. हे वृक्ष पश्चिम समुद्राच्या तीरावर होतात, असे ते म्हणतात; आणि त्यांची पिकलेली फळे मेघ येण्याच्या काळात घ्यावीत, असेही म्हणतात. म्हणजे द्रव्याच्या नावाबरोबर देश आला आणि काळही आला. आजच्या आमच्या खरेदीच्या पावतीवर यांपैकी काय असते? वजन आणि भाव.

अशोक आम्हाला भेटला. संयुक्त पानांची जोड-जोडीने मांडलेली पर्णिका, फांद्यांच्या टोकांना लोंबणारी तांबूस, मऊ, जणू अजून अंगात बळ न आलेली कोवळी पालवी, आणि फुले थेट जून फांद्यांवर, खोडाच्याही अंगावर. उमलताना ती नारिंगी पिवळी असतात आणि पुढे लाल होत जातात. त्यामुळे एकाच गुच्छात दोन-तीन रंग दिसतात. ज्यांना आपण पाकळ्या समजतो त्या पाकळ्या नसून रंगीत निदलपुंज आहे, ही गोष्ट पुस्तकात वाचली होती, ती तेथे पडलेले फूल हातात घेऊन पाहिली. एवढे पाहिल्यावर आसूपालवाशी त्याचा घोटाळा होणे अशक्य आहे. त्याची पाने साधी, अरुंद, कडेला लाटा असलेली. फुले हिरवट, चांदणीसारखी, शोधल्याशिवाय न दिसणारी. दोन्ही झाडे एकदा डोळ्यांनी पाहणाऱ्याला जो विश्वास येतो, तो दहा पुस्तकांनी येत नाही. घोटाळा होतो तो केवळ सालीच्या तुकड्यात आणि चूर्णात. कारण तेथे झाडाची पाने, फुले, उंची हे सगळे साक्षीदार गैरहजर असतात.

बागेत इतरही पुष्कळ पाहण्यासारखे आहे आणि आम्ही तेथे ठरविल्यापेक्षा चार तास अधिक रेंगाळलो, हे कबूल केले पाहिजे. आफ्रिकेतून आलेली प्रचंड बुंध्याची गोरखचिंच, खोडालाच तोफगोळ्यांसारखी फळे धरणारा दक्षिण अमेरिकेचा कैलासपती, आणि ब्रह्मदेशाची उर्वशी. उर्वशीचे लाल, पिवळे ठिपके असलेले घोस दांड्यावरून खाली लोंबत असतात आणि झाडाखाली उभे राहिल्याशिवाय त्यांची शोभा कळत नाही. औषधाच्या दृष्टीने तिचा आपल्याला उपयोग नाही. तरीही आम्ही तिच्यापुढे सर्वांत अधिक वेळ उभे राहिलो. वैद्याने झाडाकडे पाहताना प्रत्येक वेळी 'याचे काय काम' असे विचारलेच पाहिजे असे नाही.

ही बाग आजच्या रूपात टिकली, तीही आपोआप टिकलेली नाही. २००७ साली महापालिकेने नूतनीकरणाचा मोठा आराखडा पुढे आणला, तेव्हा त्यात जुन्या वृक्षांचे काय होणार या काळजीने काही नागरिक, त्यांतही प्रामुख्याने स्त्रिया, पुढे आल्या. त्यांनी झाडे मोजली, ओळखली, त्यांच्या याद्या केल्या आणि त्या याद्या घेऊन त्या कार्यालयांत गेल्या. आराखडा पुष्कळ बदलला. आम्हाला यात विशेष वाटले ते हे की, झाडे वाचविण्याचे पहिले साधन त्यांची नावे ठाऊक असणे हे ठरले. ज्यांचा औषधांशी व्यवसायाने संबंध नाही त्यांनी हे केले; ज्यांचा आहे त्या आपल्यापैकी किती जणांना हा लढा चालू असल्याचे माहीत होते?

त्यानंतर आम्ही त्या बागेत वेगवेगळ्या ऋतूंत जात राहिलो, आणि मग जे एका भेटीत कळले नव्हते ते कळू लागले. वनस्पतीचे सौंदर्य ऋतूप्रमाणे बदलते हे कवी सांगतात. तिचे वीर्यही बदलते हे आपले आचार्य सांगतात. दोन्ही एकाच गोष्टीची दोन अंगे आहेत, असे आता आम्हाला वाटते. ग्रीष्मात बहावा पिवळ्या घोसांनी लगडतो तेव्हा त्याच फांद्यांवर आधीच्या वर्षीच्या लांब काळ्या शेंगा लोंबत असतात. फुलांकडे सर्वांचे लक्ष जाते. वैद्याने शेंगेकडे पाहावे. कल्पस्थानात आरग्वधाविषयी सांगितले आहे की, योग्य काळी पूर्ण पिकलेले फळ घ्यावे, सात रात्री वाळूत ठेवावे, मग काढून उन्हात सुकवावे आणि त्यातील मगज काढून स्वच्छ पात्रात ठेवावा. ही सात रात्रींची वाळू आज कोणत्या औषधनिर्माणशाळेत आहे? आम्ही हे टोचून बोलण्यासाठी विचारीत नाही. आमच्याही घरी ती नव्हती. एका वर्षी करून पाहिली. मगज अधिक मऊ आणि सुटा निघाला; त्याच्या गुणाविषयी एवढ्याशा अनुभवावरून विधान करणे योग्य नव्हे.

शरदात सातवीण फुलते. तिचा उग्र गंध मुंबईतच नव्हे, वसई-विरारच्या नव्या रस्त्यांवरही आता आश्विन-कार्तिकात येतो, कारण रस्त्याकडेला तिची लागवड फार झाली आहे; काही लोकांना त्या गंधाने त्रास होतो आणि ते तक्रारही करतात. सप्तपर्णाला अमरकोशात 'शारद' असे नाव आहे, ते केवळ तिच्या फुलण्यावरून. परंतु साल, कंद आणि चीक शरदात घ्यावेत, हाही चरकाचार्यांचा निर्देश आहे. म्हणजे ज्या झाडाची साल आपल्याला हवी, ते झाड स्वतःच आपला काळ गंधाने कळवीत असते. कोवळ्या फांद्या आणि पालवी वर्षा व वसंतात, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल शरदात, काष्ठाचा गाभा हेमंतात, फुले-फळे ज्याच्या त्याच्या ऋतूत, असा चरकाचा क्रम आहे. सुश्रुताचार्यांनी अन्य मतांचा याहून वेगळा क्रम देऊन तो नाकारला आहे. सौम्य द्रव्ये सौम्य ऋतूंत आणि आग्नेय द्रव्ये आग्नेय ऋतूंत घ्यावीत, असा त्यांचा पक्ष. शार्ङ्गधराने तर सर्व कामांसाठी शरद आणि वमन-विरेचनासाठी वसंताचा शेवट, असे सुटसुटीत करून टाकले आहे. आचार्यांत मतभेद आहेत, म्हणून विषय संदिग्ध आहे असे काही सहकारी म्हणतात. आम्हाला उलट वाटते. मतभेद आहेत, याचाच अर्थ हा विषय त्यांनी गंभीरपणे घेतला होता. ऋतूकडे पाहूच नये, असे मत त्यांच्यापैकी कोणाचेही नाही. ते मत आपल्या काळाचे आहे, आणि ते कोणी लिहून मांडलेले नाही. आपण केवळ त्याप्रमाणे वागतो.

राणीच्या बागेहून परतताना प्रत्येक वेळी आम्हाला आमचे नंदाखाल नव्या डोळ्यांनी दिसू लागले. आगाशी, वटार, नाळे, बोळींज आणि नंदाखाल हा पट्टा पिढ्यान्‌पिढ्या वाड्यांचा. केळी, नागवेल, सोनचाफा, मोगरा, जास्वंद, अनंत; कुंपणाला अडुळसा आणि निर्गुंडी; झाडावर चढलेली गुळवेल; आणि वाडीच्या कोपऱ्यात बावखल. ज्या वाचकांना हा शब्द अपरिचित असेल त्यांच्यासाठी सांगतो की, बावखल म्हणजे वाडीतील खोदीव तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते आणि समुद्र जवळ असूनही विहिरी गोड राहतात. या वाड्यांना कोणी वनस्पती उद्यान म्हटले नाही आणि त्यांना पाट्याही नाहीत. परंतु वैद्याला नित्य लागणाऱ्या द्रव्यांच्या दृष्टीने पाहिले तर भायखळ्याच्या बागेपेक्षा येथे आपले काम अधिक आहे. आपण भावनेसाठी वापरतो तो विड्याच्या पानांचा रस येथलाच. कदलीकंद, सोनचाफ्याची फुले, अडुळशाची पाने ताजी मिळावीत, यासाठी तालुक्याबाहेर जाण्याची गरज नाही.

वर्षा ऋतूत तर बांधावरून चालणे हाच एक अभ्यासवर्ग होतो. आषाढात पाहिले तर मांसल पानांची वसू सगळीकडे पसरलेली असते. तिची फुले पानाच्या बगलेत एकेकटी. थोड्या अंतरावर पुनर्नवा, आपली घेटुळी. बारीक दांड्यांवर लहान गुलाबी फुलांचे झुबके, कपड्याला चिकटणारी फळे आणि जमिनीखाली जाडजूड मूळ. वाळवून, चुरून पोत्यात भरल्यावर या दोहोंतील भेद कोणाला कळणार? नीरब्राह्मी आणि कारिवणा यांच्यातही तोच घोटाळा. दोहोंनाही ब्राह्मी म्हणण्याची रूढी आहे. एकीची पाने लहान, मांसल, चवीला कडू. दुसरीचे पान बेडकाच्या पावलासारखे म्हणा किंवा मूत्रपिंडाच्या आकाराचे म्हणा. नीरब्राह्मी आमच्याकडे बावखलाच्या ओल्या काठावर माक्याच्या सोबतीने वाढते. बावखल बुजले की तीही गेली. आमच्या ओळखीच्या अशा तीन जागा आम्ही जाताना पाहिल्या आहेत.

हे जाणे थांबावे म्हणून येथल्या माणसांनी केलेला संघर्ष जुना आहे. नंदाखाल हे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे जन्मगाव. साहित्यिक म्हणून, आणि २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. वसईच्या लोकांना ते हरित वसईच्या चळवळीमुळे अधिक जवळचे होते. वाड्यांवर येऊ घातलेली बांधकामे आणि विहिरींतून टँकरने उपसले जाणारे पाणी यांविरुद्ध त्या चळवळीने आवाज उठविला. २०२४ साली ते निवर्तले. त्या लढ्यात शेतकरी होते, शिक्षक होते, धर्मगुरू होते. वैद्य म्हणून, औषधी द्रव्यांचे जाणकार म्हणून, आपली संघटना त्यात कोठे होती, हे आम्हाला आठवत नाही. आम्हीही नव्हतो.

याच भूमीवर १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या काळात गोव्यात वैद्यकी करणाऱ्या गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली आपल्याकडील औषधी द्रव्यांवर संवादरूप ग्रंथ छापला. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते आणि तेथे त्याची बाग होती. जुन्या यवन ग्रंथकारांचे मत आणि प्रत्यक्ष झाड यांत विरोध आला तर तो झाडाची साक्ष मानीत असे. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी मलबारात डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने वनस्पतींचा बारा खंडांचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा त्याचे साहाय्यक म्हणून इट्टी अच्युतन या वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तिघे कोंकणी वैद्य होते. त्यांनी दिलेला दाखला नागरी लिपीत, कोंकणी भाषेत, १६७८ साली ॲमस्टरडॅमला छापलेल्या पहिल्या खंडात आहे. आपल्या पूर्वसूरींच्या ज्ञानाची साक्ष परदेशी अधिकाऱ्याने मागितली आणि त्यांनी ती स्वाक्षरीनिशी दिली. आज एखाद्या परीक्षकाने आपल्यापुढे दहा ओल्या फांद्या ठेवल्या आणि त्यांची नावे लिहून खाली सही करा म्हटले, तर आपली लेखणी किती वेळा अडखळेल?

आता औषधनिर्मात्या बंधूंशी थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. आमची मागणी लहान आहे. पोत्यावर जसे वजन आणि भाव असतो, तसे द्रव्य कोणत्या महिन्यात आणि कोणत्या भागातून काढले हे लिहिलेले असावे, आणि ते नसलेला माल आपण घेऊ नये. २००० साली शेड्यूल टी लागू झाल्यापासून कच्च्या मालाची नोंद ठेवणे आपल्याला नवीन राहिलेले नाही. त्या नोंदवहीत दोन रकाने वाढवावयाचे आहेत. यावर जी अडचण सांगितली जाते ती आम्हाला ठाऊक आहे. लहान निर्माता घाऊक बाजारातून चार-पाच पोती घेतो. त्याचे कोण ऐकणार? व्यापारी मनाला येईल तो महिना लिहून देईल. ही अडचण खरी आहे आणि एकट्या निर्मात्याकडे तिचे उत्तर नाही. म्हणूनच हे आम्ही संघटनेच्या त्रैमासिकात लिहीत आहोत. तालुक्यातील दहा-बारा लहान निर्मात्यांनी अशोक, दशमुळे आणि नागकेशर एवढी तीन नावे जरी एकत्र, एकाच ठिकाणाहून, पाहून घेतली तरी व्यापाऱ्याला ऐकावे लागेल. नागकेशराचा उल्लेख मुद्दाम केला. तांबडी म्हणून सुरंगीच्या कळ्या आणि काळी म्हणून दालचिनीच्या जातीची कोवळी फळे आपल्या बाजारात किती सहज खपतात, हे जुन्या दुकानदारांना सांगावयास नको.

भावाचाही प्रश्न आहे. खरी साल महाग पडते, आणि ती तशीच पडली पाहिजे. उभ्या झाडाचे खोड भोवताली सोलून काढले की माल स्वस्त मिळतो आणि झाड मरते. छाटलेल्या फांद्यांची साल काढली, किंवा खोडावरून एका बाजूची उभी पट्टीच घेतली, तर माल थोडा आणि महाग मिळतो, झाड मात्र जगते. यांपैकी कोणती साल आपण विकत घेत आहोत हे न विचारता स्वस्त माल घेणे, म्हणजे पुढच्या पिढीच्या वैद्याच्या हातून अशोक काढून घेणे होय. रुग्णाला दोन पैसे अधिक का पडतात, हे समजावून सांगण्याची जबाबदारी आम्ही चिकित्सकांनी घ्यावी. आम्ही ती घेऊ लागलो आहोत. रुग्ण समजतो, असा अनुभव आहे. निदान जो कडू काढा घेण्यास तयार होतो तो तरी समजतो.

दवाखान्यामागच्या परसात आम्ही एका रोपवाटिकेतून आणून अशोकाची दोन रोपे लावली. एक पहिल्या उन्हाळ्यात गेले. ऊन थेट लागत होते आणि अशोकाला सुरुवातीला सावली हवी, हे आम्ही शेजारच्या वाडीतील वृद्ध बागायतदाराकडून नंतर शिकलो. त्यांनी दुसऱ्या रोपाशेजारी केळीचा एक कोंब आणून लावला. ते रोप आता माणसाहून उंच आहे. त्याची साल काढण्याचा विचारही आमच्या मनात नाही. दवाखान्यात येणाऱ्या विद्यार्थ्यांना ते दाखवितो आणि फाटकाबाहेरचा आसूपालवही दाखवितो.

राणीच्या बागेची पुढील भेट शरदात, आश्विनातील दुसऱ्या रविवारी ठरविली आहे. बुधवारी बाग बंद असते, हे स्वतंत्रपणे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. त्याआधी श्रावणात एका सकाळी नंदाखाल ते आगाशी बांधाने पायी जाण्याचा बेत आहे; पाऊस असला तरी जाऊ. येताना भिंग, वही आणि आपल्या कपाटातील ज्या द्रव्याविषयी शंका असेल त्याचा मूठभर नमुना सोबत आणावा. औषधनिर्मात्या बंधूंनी नमुना आणला तर अधिकच आनंद होईल. कोणाकडून घेतला, हे आम्ही विचारणार नाही.